तारखेचा रकाना

राजदूत हॉल्डन यांनी टीव्हीवर तारखा सांगितल्या, तेव्हा तबस्सुम सतारमेकर बटाटे सोलत होती. शनिवारची दुपार होती. ट्रिएस्ट शहरातलं तिसऱ्या मजल्यावरचं तिचं स्वयंपाकघर, आणि खिडकीबाहेर बोरा नावाचा तिथला माथेफिरू वारा.

"झरकाननं करार मोडला आहे," हॉल्डन शांतपणे सांगत होते. "चौदा ते अठरा फेब्रुवारी आणि पुन्हा दोन ते पाच मार्च, असे नऊ दिवस त्यांनी एक गुप्त अणुभट्टी चालवली. सोमवारी पडताळणी मंडळाच्या बैठकीत आम्ही निर्बंध पुन्हा लादण्याची मागणी करू. आमचे दोस्त आमच्या सोबत असतील."

तबस्सुमच्या हातातली सुरी थांबली. आरोपाचं तिला नवल वाटलं नाही. हॉल्डन ज्या महासंघाचे राजदूत होते, तो हा करार मोडायला दोन वर्षं निमित्तच शोधत होता. नवल होतं ते तारखांचं. त्या नऊ दिवसांचा अहवाल तिनं स्वतः लिहिला होता, आणि त्या तारखा तिला स्वतःलाच ठाऊक नव्हत्या. त्या अजून कुणालाच ठाऊक असायला नको होत्या.

असं कसं, ते सांगायला थोडं मागे जायला हवं.

अणुभट्टी लपवणं तसं अवघड नाही. डोंगर पोखरून आत बांधा, वर झाडं लावा, गरम पाणी नदीत सोडा. वरून बघणारा उपग्रह फसतो. पण एक गोष्ट काही केल्या झाकता येत नाही. युरेनियमचा अणू फुटला की त्याचे तुकडे स्थिर व्हायच्या धडपडीत प्रतिन्यूट्रिनो नावाचे कण बाहेर टाकतात. हे कण शिशाला, काँक्रीटला, डोंगराला, कशालाही अडत नाहीत. शेजारणीनं दारं-खिडक्या लावून सुकट भाजली तरी जिन्यात कळतंच, तसं हे. भट्टी चालू आहे तोवर ते निघत राहणार, आणि जगातलं कुठलंही सरकार त्यांना थांबवू शकणार नाही.

जे कशालाच अडत नाही ते पकडणंही महाकठीण. पण अब्जावधींतला एखादा कण एका खास तेलातल्या प्रोटॉनला धडकतो आणि एक इवलीशी ठिणगी पडते. झरकानच्या किनाऱ्यावर मिठाच्या दोन जुन्या खाणी होत्या, एक पश्चिमेला, एक पूर्वेला, मध्ये अठ्ठावीस किलोमीटरचं अंतर. करार झाल्यावर त्या दोन्ही खाणींत पाच-पाच हजार टन तेलाच्या टाक्या बसवल्या गेल्या. झरकाननं जाहीर केलेल्या दोन अणुभट्ट्या तिथून दूर, आतल्या भागात होत्या. त्यांच्यामुळे प्रत्येक टाकीत दिवसाला सरासरी अकरा ठिणग्या पडत. अकरा म्हणजे सगळं ठीक. एवढ्या अकरा ठिणग्यांवर एका देशाची औषधं, सुटे भाग आणि पोटापाण्याचे व्यवहार उभे होते.

करारात एका बाजूला झरकान आणि दुसऱ्या बाजूला सहा दोस्त राष्ट्रं होती. दोस्त म्हणायचं ते फोटोपुरतं. महासंघाच्या आधीच्या सरकारनं सही केली होती, म्हणून नव्या सरकारला तो करार डोळ्यांत खुपत होता. वेस्टमार्कचे कारखाने झरकानला टर्बाइन विकत होते, म्हणून त्याला करार प्राणप्रिय. तिसऱ्या राष्ट्राला धास्ती, की झरकानमध्ये पुन्हा उपासमार झाली तर होड्या भरभरून माणसं आपल्याच किनाऱ्याला लागतील. चौथ्याकडे निवडणूक होती. उरलेली दोन राष्ट्रं आधी कोण हात वर करतंय ते बघून हात वर करत. पण कलम स्पष्ट होतं: गुप्त भट्टी सिद्ध झाली तर सहाही जणांनी एकत्र निर्बंध घालायचे. एकट्या महासंघाच्या निर्बंधांची चाळण झाली असती.

आणि म्हणूनच टाक्यांचं वाचन डोळे बांधून करायचं असा नियम होता. रोजची नोंद संगणक पत्त्यांसारखी पिसे, तिच्यावरची तारीख काढून टाके आणि नुसता एक क्रमांक लावे. कुठला क्रमांक कुठल्या दिवसाचा, याची यादी लाखबंद पाकिटात, पाकिटावर सात देशांच्या सह्या, आणि पाकीट पोलादी कपाटात. वाचणाऱ्यानं आपला निष्कर्ष आधी लिहून द्यायचा आणि मग सगळ्यांसमोर पाकीट फोडायचं. तोवर अहवालातला तारखेचा रकाना कोरा. कारण सोपं आहे. ज्या दिवशी पेपरात झरकानविरुद्ध बातमी आली, त्या दिवशीची ठिणगी वाचणाऱ्याला जरा मोठीच दिसते.

मंडळाची मुख्य वाचक तबस्सुम होती, आणि तिला हे शिकवावं लागलं नव्हतं. मिरजेत तिचे अब्बा तंबोऱ्याची घोडी घासून तारांच्या गुंजनाची जवारी लावून झाली की तंबोऱ्याकडे पाठ करून बसत आणि तिला तारा छेडायला लावत. समोर बसले की हस्तिदंती नक्षी दिसायची, आणि नक्षी दिसली की कान फितूर होतात, असं ते म्हणत. आठ वर्षांची तबस्सुम तारा छेडायची आणि अब्बांची पाठ 'नाही' म्हणून हलायची. त्या पाठीला तिनं कधी खोटं बोलताना पाहिलं नव्हतं.

बटाटे तसेच टाकून तिनं कोट चढवला.

मंडळाच्या कार्यालयात नवीद आधीच पोचला होता. नवीद झरकानचा भौतिकशास्त्रज्ञ, मंडळातला तिचा सहकारी आणि दहा वर्षांचा मित्र. मागच्या निर्बंधांत त्याच्या थोरल्या भावाच्या डायलिसिसचं सामान परदेशी बंदरात अडकून पडलं होतं. औषधांवर बंदी नाही असं सहाही दोस्त तेव्हा छातीठोकपणे सांगत. बंदी फक्त ती आणणाऱ्या जहाजावर आणि जहाजाच्या विम्यावर होती. भाऊ अकरा दिवस टिकला.

"पाकीट फुटलं?" नवीदनं विचारलं. पाकीट फुटलं असेल तर पहिला संशय त्याच्यावरच येणार होता.

संचालक लिंडगार्ड धापा टाकत किल्ली घेऊन आले. ते वेस्टमार्कचे. माणूस सज्जन, पण भिडस्त. कपाट उघडलं. पाकीट जसंच्या तसं होतं. लाख अखंड, सह्या सात, आणि आत साधा उजेड शिरला तरी काळी पडणारी पट्टी पांढरीशुभ्र.

"मग अंदाजानं ठोकून दिलं असेल," लिंडगार्ड म्हणाले.

"एकशे वीस दिवसांतले नेमके नऊ?" तबस्सुमनं आपली फाइल काढली. "सर, आपण सदस्यांना पाठवलेल्या अहवालात काय आहे? एकशे वीस नोंदींपैकी नऊ नोंदींत ठिणग्या जास्त, दोन्ही टाक्या मिळून. बस. कुठल्या टाकीत किती, ते फक्त माझ्याकडे. आणि गेला महिनाभर मी त्याच आकड्यांपुढे डोकं फोडतेय."

तिनं कागद दोघांपुढे सरकवला. नऊपैकी पाच नोंदींत पश्चिमेच्या टाकीत अकराच्या जागी अठ्ठावीस-तीस ठिणग्या, आणि पूर्वेची टाकी गप्प. चार नोंदींत पूर्वेला तितक्याच जास्त, आणि पश्चिम गप्प. जमिनीवरची भट्टी एका जागी असते. तिचा मारा दोन टाक्यांवर रोज त्याच प्रमाणात पडायला हवा. म्हणून तबस्सुमला टाक्याच बिघडल्या असतील असं वाटत होतं.

"आता हॉल्डनच्या तारखा मोजा," ती म्हणाली. "चौदा ते अठरा. किती?"

"पाच," नवीद म्हणाला.

"दोन ते पाच?"

"चार." तो थांबला. "पाच आणि चार. म्हणजे आधी पश्चिमेला होती, मग पूर्वेला गेली. तबस्सुम, ही भट्टी चालते."

"चालत नाही," ती म्हणाली, "पोहते."

लिंडगार्ड खुर्चीत बसले. अणुपाणबुडीच्या पोटात एक छोटी अणुभट्टीच असते. टाकीपासून तीन-चार किलोमीटरवर ती दबा धरून बसली, तर तेलात दिवसाला पंधरा-वीस ठिणग्या सहज वाढतात. दहा किलोमीटरवर गेली की जवळजवळ काहीच नाही. आवाज दाबता येतो, इंजिन मंद करता येतं, पण ठिणग्यांना कोण गप्प करणार? झरकानकडे तर साधीसुद्धा पाणबुडी नव्हती.

"पण पाणबुडी महासंघाचीच असेल, तर त्यांनी स्वतःच तारखा का सांगितल्या?" लिंडगार्ड पुटपुटले.

तबस्सुमला हसू आलं, आणि हसता हसता संतापही आला. "रकाना कोरा होता म्हणून. आपल्याकडे कोरा रकाना म्हणजे प्रामाणिकपणा. सरकारी कचेरीत कोरा रकाना म्हणजे राहून गेलेलं काम. आपला अहवाल त्यांच्या नौदलाकडे गेला असणार. तिथल्या हुशार माणसांनी लगेच ओळखलं, की हे नऊ दिवस आपलेच. उद्या कुणी विचारायच्या आत बोट झरकानकडे दाखवलेलं बरं. आणि भाषण भारदस्त व्हावं म्हणून कुणीतरी स्वतःच्या वहीतून तारखा भरून दिल्या. त्या अजून कुणालाच ठाऊक नाहीत, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. आपल्याला ठाऊक नसताना काम करायची सवय त्यांना जन्मात लागलेली नाही."

लिंडगार्डनी पाकीट उचलून पुन्हा कपाटात ठेवलं. मग म्हणाले, "डॉक्टर सतारमेकर, आपण हे बंद खोलीत मिटवू. आमचं सरकार निर्बंधांच्या विरोधातच आहे, ते महासंघाला खाजगीत समजावेल. सोमवारी तुम्ही 'वाचन अनिश्चित' एवढंच म्हणा. कुणाचंच नाक कापलं जाणार नाही."

"नाक कापून झालंय, सर. झरकानचं. टीव्हीवर."

"दोस्तांमध्ये चारचौघांत भांडण होऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे."

"आणि त्यासाठी नवीदच्या देशानं पुन्हा उपाशी राहायचं?"

लिंडगार्डनी कपाटाला कुलूप लावलं. पण घरी जाऊन त्यांनी आपल्या परराष्ट्र खात्याला फोन केला असावा, आणि त्या खात्यानं महासंघाला. कारण दोस्तांमध्ये गुपित एक दिवसही टिकत नाही. रविवारी सकाळी खुद्द हॉल्डननी तबस्सुमला बंदरावरच्या कॉफीच्या दुकानात बोलावलं.

पाणबुडीबद्दल त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, हे तिला दोन मिनिटांत कळलं. त्यांना फक्त एवढंच सांगून पाठवलं होतं, की वाचक बाई काहीतरी शंका काढतेय.

"उद्या पाकीट फोडा, तारखा जुळल्या एवढं सांगा," हॉल्डन म्हणाले. "टाक्यांचे वेगवेगळे आकडे महिनाभरानं दिले तरी बिघडत नाही. नाहीतर लोक बोलतील. तुमचं नाव, तुमचा धर्म, आणि तिकडे झरकान..."

"माझं नाव मिरजेतल्या एका दुकानाच्या पाटीवर पाच पिढ्या लागलेलं आहे," तबस्सुम म्हणाली. "सगळ्या धर्मांचे गवई आमच्याकडून तंबोरे नेतात. आजवर कुणी तंबोऱ्याचा धर्म विचारलेला नाही. तुम्ही ठिणग्यांचा विचारताय."

हॉल्डननी साखर ढवळली. "तुमची मुलगी आमच्याकडे असते ना? नाटकांची प्रकाशयोजना करते म्हणे. कायम वास्तव्याचा तिचा अर्ज याच महिन्यात निर्णयाला आहे. गुणी मुलगी दिसते."

कॉफी तशीच ठेवून तबस्सुम बाहेर पडली. वाऱ्यात माणसं पडू नयेत म्हणून रस्त्याच्या कडेला बांधलेला दोर धरून चालताना तिला आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या कामाचा राग आला. तिच्या लेकीनं, मिस्बाहनं, नऊ वर्षं काढली होती त्या देशात. आधी पडदे ओढले, मग तारा गुंडाळल्या, मग कुठे दिव्यांना हात लावायला मिळाला. नवरा अशफाक वारल्यावर या मायलेकींना एकमेकींशिवाय कुणी नव्हतं, आणि मध्ये एक अख्खा समुद्र होता.

दुपारी तिनं फोन लावला. घरात त्या दखनी बोलत, पण भांडायची वेळ आली की दोघी मराठीवर येत.

"मिस्बू, एक सांगायचंय," म्हणत तिनं सगळं सांगितलं.

"नऊ वर्षं, अम्मी," मिस्बाह म्हणाली. "गेल्या महिन्यात मला पहिल्यांदा एक अख्खं नाटक मिळालंय. माझं. जाहिरातीवर नाव आहे."

"म्हणून तर विचारतेय, काय करू?"

"मला नको विचारूस!" मिस्बाहचा आवाज फाटला. "माझ्यावर ढकलू नकोस. मी 'बोल' म्हटलं की तू मोकळी, आणि 'नको बोलूस' म्हटलं की मी वाईट. तू ठरव. फक्त एक ऐकून ठेव. माझं नाव पुढे करून गप्प बसलीस, तर मी तुला आयुष्यभर माफ करणार नाही. आणि बोललीस, तर वर्षभर तुझ्याशी बोलणार नाही. आता तूच बघ काय परवडतंय."

फोन बंद झाला. तबस्सुम ओट्यापाशी उभी राहून रडली, मनसोक्त रडली. मग कालचे काळे पडलेले बटाटे फेकून दिले, नवे सोलले, आणि पोटभर जेवली. वर्षभराचं तिला परवडणार होतं.

सोमवारची बैठक. लंबगोल टेबल, सात देशांचे झेंडे, वर काचेच्या गॅलरीत पत्रकार. हॉल्डन यांच्या मागे नौदलाच्या पांढऱ्या गणवेशातला एक सल्लागार बसला होता. सुरुवातीचा तासभर दोस्तांनी आपापसांतच घालवला. महासंघ म्हणाला, निर्बंध उद्यापासून. वेस्टमार्क म्हणाला, टर्बाइन वगळून. तिसरा म्हणाला, आधी मुदत द्या. चौथ्यानं निवडणुकीनंतरची तारीख सुचवली. झरकानचे प्रतिनिधी हाताची घडी घालून ऐकत होते. त्यांच्या देशाची वाटणी चालली होती आणि त्यांना कुणी काही विचारत नव्हतं.

मग पाकीट आलं. लाख फुटली. लिंडगार्ड एकेक क्रमांक वाचत गेले आणि पडद्यावर एकेक तारीख उमटत गेली. चौदा फेब्रुवारी. पंधरा. सोळा. नऊच्या नऊ तारखा जुळल्या. सभागृहात कुजबुज उठली. हॉल्डन मागे रेलून बसले. नवीदनं डोळे मिटून घेतले होते.

"वाचकांचं काही म्हणणं?" लिंडगार्डनी विचारलं. 'नाही' म्हणा, अशी विनवणी त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होती.

"आहे," तबस्सुम म्हणाली. "कलम नऊप्रमाणे वाचक आपला अहवाल पूर्ण वाचतो. पण त्याआधी राजदूतांना एक प्रश्न. हे पाकीट आत्ता फुटलं. तुम्हाला या तारखा शनिवारी कशा कळल्या?"

"आमची स्वतःची खात्रीची सूत्रं आहेत."

"त्या सूत्रांनी भट्टी कुठे आहे तेही सांगितलं असेल?"

"अर्थातच. पश्चिम किनाऱ्यावर, डोंगराच्या पोटात."

"फेब्रुवारीत?"

"फेब्रुवारीत आणि मार्चमध्येही. भट्टी ती भट्टी. ती काय जागा बदलते?"

"हे नोंदवून घ्या," तबस्सुम म्हणाली, आणि तिनं दुसरा कागद उघडला. "चौदा ते अठरा फेब्रुवारी. पश्चिमेच्या टाकीत रोज अठ्ठावीस ते तीस ठिणग्या. पूर्वेच्या टाकीत अकरा. दोन ते पाच मार्च. पूर्वेला तीस..."

गणवेशातला सल्लागार उठला आणि त्यानं हॉल्डन यांच्या पुढ्यात एक चिठ्ठी सरकवली. हॉल्डननी ती वाचली, मग पुन्हा वाचली. "हरकत!" ते म्हणाले. "हा सुरक्षेचा विषय आहे. बैठक बंद दाराआड घ्या." लिंडगार्ड यांचा हात बटणाकडे गेला आणि तबस्सुमच्या माईकचा दिवा विझला.

ती उभी राहिली. आवाज तिचा तसा घोगराच, पण भर बाजारात, शेजारी लाकूड तासणाऱ्या कारागिरांच्या गदारोळात वाढलेला. "पूर्वेला तीस!" ती ओरडून वाचू लागली. "पश्चिमेला अकरा! डोंगराच्या पोटातली भट्टी दोन आठवड्यांत अठ्ठावीस किलोमीटर सरकली! या नऊ दिवसांच्या आधी नाही, नंतर नाही. आली, पाच दिवस एका खाणीसमोर बसली, चार दिवस दुसरीसमोर बसली आणि निघून गेली. दोन्ही वेळा अंतर साडेतीन किलोमीटरच्या आसपास. जमिनीवर भट्टी अशी हलत नाही, ती हलते फक्त पाण्यात. आणि ती कधी आली, कधी गेली, हे पाकीट फुटायच्या आधी जगात फक्त एकाच देशाला ठाऊक होतं!"

अर्ध्यातच तिचा आवाज अचानक दुप्पट झाला होता. माईकचा दिवा पुन्हा लागला होता. लिंडगार्ड बटणावर बोट ठेवून, खाली मान घालून बसले होते. त्यांचा कान लालबुंद झाला होता, पण बोट हललं नाही.

हॉल्डन सावकाश मागे वळले आणि त्यांनी त्या गणवेशाकडे पाहिलं. तो माणूस छताकडे बघत होता. आपल्याला कशासाठी पुढे केलं होतं, ते राजदूतांना त्या क्षणी उमगलं असावं. तबस्सुमला त्यांची कीव आली नाही. मिस्बाहचं नाव काढताना त्यांनी साखर ढवळली होती.

वेस्टमार्कच्या राजदूत बाईंनी घसा साफ केला. "आम्हाला महासंघाकडून समजून घ्यायला आवडेल," त्या अत्यंत गोड आवाजात म्हणाल्या, "की फेब्रुवारीत त्या समुद्रात कोण होतं?"

हॉल्डननी पुढ्यातले कागद गोळा केले. मतदानात निर्बंध फेटाळले गेले: चार विरोधात, एक तटस्थ, आणि बाजूनं एकटा महासंघ. संध्याकाळी नवीदनं वहिनीला फोन करून सांगितलं. काय बोलणं झालं ते तबस्सुमनं विचारलं नाही. तो बाहेर आला तेव्हा त्यानं तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण तीन आठवड्यांनी एक चमत्कार घडला. दोन वर्षांत ज्या सहा दोस्तांचं एका वाक्यावर एकमत झालं नव्हतं, त्यांचं एका दुपारीत एका अख्ख्या कागदावर एकमत झालं. कागद घेऊन लिंडगार्ड स्वतः आले.

'टाक्यांचे वाचन तांत्रिकदृष्ट्या विश्वासार्ह नसल्याने दोन्ही टाक्या बंद करण्यात येत आहेत.' खाली सहा सह्या. सर्वांत ठसठशीत सही वेस्टमार्कची.

"सर, तुमच्या राजदूत बाई तर तेव्हा समुद्राची चौकशी करत होत्या."

"पाणबुड्या आमच्याकडेही आहेत," लिंडगार्ड ओशाळून म्हणाले. "सहापैकी चौघांकडे आहेत, दोघं बांधतायत. त्या दिवसापासून कुणाच्याही नौदलाला झोप नाही. करार राहील, तपासणीला माणसं पाठवू. पण ह्या टाक्या कुणालाच नको आहेत."

"माणसांना फसवता येतं म्हणून?"

लिंडगार्डनी कागदाची शेवटची ओळ दाखवली: 'मुख्य वाचकाची सही'. शेजारी कोरी जागा होती. "तुमच्या सहीशिवाय टाकी बंद होत नाही. नाही केलीत तर तुम्हाला काढून टाकतील."

"आणि नवा वाचक नेमतील? कलम एकोणीस वाचा. वाचक बदलायचा तर सातही देशांची संमती लागते. झरकाननं आपल्या सोयीचा माणूस बसवू नये म्हणून ते कलम तुम्हीच घातलंत ना? झरकान आता मला मरेपर्यंत सोडणार नाही." ती हसली. "कागद ठेवून जा. घरी नेते. सही न करता निवांत बसते."

त्याच शुक्रवारी महासंघाचं पत्र मिस्बाहला गेलं. अर्ज नामंजूर, तीस दिवसांत देश सोडा. नाटकाचे अठरा प्रयोग झाले आणि एकोणिसाव्याला जाहिरातीवर दुसऱ्या कुणाचं नाव लागलं. तबस्सुमला हे सगळं नवीदच्या एका ओळखीच्या माणसाकडून कळलं. लेकीनं शब्द पाळला होता. एकही फोन नाही.

मुदतीच्या शेवटी, भर दुपारी, बोरा वाऱ्याच्या तडाख्यात मिस्बाह ट्रिएस्टच्या स्टेशनबाहेर उभी होती. दोन बॅगा आणि एक लांबलचक, दिव्यांच्या सामानाची पेटी. गाडीची वेळ नवीदच्या त्याच माणसानं कळवली होती. तबस्सुमनं तिला लांबून पाहिलं आणि तिचं काळीज तुटलं. हे आपण केलं. बरोबर केलं, पण आपणच केलं.

"मिस्बू," जवळ जाऊन ती म्हणाली, "वर्षभर बोलणार नव्हतीस ना?"

"बोलतेय कुठे?" मिस्बाह दुसरीकडे बघत म्हणाली. "पेटी धर त्या टोकाला. जड आहे."

दोघींनी पेटी तीन मजले चढवली, अवाक्षर न बोलता. घरात आल्यावर मिस्बाह हातपाय धुऊन टेबलाशी बसली. तबस्सुमनं चहा केला, आलं घालून, भरपूर साखर घालून. टेबलावर तो कागद पडलेला होता. मिस्बाहनं तो ओढला, सहा सह्या वाचल्या, शेवटच्या ओळीपाशी थांबली. त्या कोऱ्या जागेवर तिनं बोट ठेवलं.

"हीच का ती सहीची जागा? पेपरात वाचलं मी."

"हीच."

"आणि नवा वाचक त्यांना बसवता येत नाही."

"नाही."

मिस्बाहनं कागद नीट सरळ केला, चहाचा कप उचलला आणि बरोबर त्या कोऱ्या जागेवर ठेवून दिला.